शेवटची सोळा पानं

गंगारामभाऊ,

तुम्ही गेलात त्याला आज चौदा दिवस झाले. चौदाही दिवस मी वाचनालय उघडलं, पेपर लावले, पुस्तकं दिली-घेतली. कुणी विचारलं तर सांगितलं, हो, गेले, काविळीनं, ठाण्याला नेलं होतं. लोक अरेरे म्हणतात आणि मासिकाचा नवा अंक आला का ते विचारतात. त्यांचा राग येतो. पण त्यांच्यावर चिडून काय उपयोग? मला राग माझाच आलाय. तुम्ही मला एक साधा प्रश्न विचारला होता. "येते का रे ती शेवटी?" उत्तर मला पाठ होतं. मी हसलो आणि दिलं नाही.

ते उत्तर माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, छापील सोळा पानांचं. मी ते तुमच्यापासून मुद्दाम लपवून ठेवलं होतं. त्यातून काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून निदान कागदावर तरी सांगतो.

तुम्ही मलेरिया खात्याचे फवारणीवाले. अंबाडीपासून पार गणेशपुरीपर्यंतची गावं तुमच्याकडे. खांद्याला पंप, हातात गेरूचं डबडं. घर फवारून झालं की दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकायची, म्हणजे वरच्या साहेबाला कळावं की इथं माणूस येऊन गेला. तीच सवय तुम्ही वाचनालयात आणलीत. पुस्तक संपलं की शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं तारीख आणि 'गं. जा.' मी वैतागायचो. "गंगारामभाऊ, हे काय घर आहे का?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "पुरं वाचून झालं. आता यात डास न्हाय." मग तुम्ही गेल्यावर मी रबर घेऊन खोडत बसायचो. किती तारखा खोडल्या असतील, देव जाणे.

तुमचं कपाटही ठरलेलं. खिडकीजवळचं, वर 'इतर विषय' अशी चिठ्ठी लावलेलं. त्याची किल्ली तुमच्याशिवाय कुणी मागायचं नाही. विषारी आणि बिनविषारी साप, विहीर कशी खणावी, मधमाशा, कुठल्या तरी परदेशातल्या रेल्वेचा इतिहास, थोरामोठ्यांची चरित्रं. रात्रशाळेत अक्षरं गिरवलेला माणूस तुम्ही, पण वाचायचात ते साहेबाचा हुकूम वाचावा तसं, एक ओळ न सोडता. कादंबरी कधी वाचाल का, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "खोटं आयकायला गावभर मिळतंय. त्यापायी चष्मा कशाला लावू?"

आणि तरी कादंबऱ्यांवर मत मात्र तुमचं तयार. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग माझ्या टेबलावर असायचा. त्यातलं एखादं उचलायचं, आधी शेवटचं पान बघायचं, मग मधली दहा-बारा पानं चाळायची आणि निकाल द्यायचा. शेवट आधी का, असं विचारलं तर म्हणायचात, "शेरा आधी बघावा. काय निघालं ते समजलं म्हंजे डोस्कं शांत ऱ्हातं, मंग मधलं वाचता येतं." एकदा शाळेतल्या एक बाई कादंबरी पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा नोंदवायला आल्या होत्या. तुम्ही ती टेबलावरून उचललीत, शेवट पाहिलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मेला की हा. बाई, कशाला जीव लावता?" बाईंचा चेहरा लालबुंद. पंधरा दिवस त्या फिरकल्या नाहीत. मी तुमच्यावर आठवडाभर धुसफुसत होतो, आणि तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही की यात चिडण्यासारखं काय होतं.

तुमच्या तक्रारी तर मला अजून पाठ आहेत. "तीनशे पानं झाली, एकाला डास चावला न्हाय. भर भादव्यात कोकणात जातो हा, उघड्यावर झोपतो आन सकाळी उठून कविता करतो!" "ही बाई तापानं फणफणली. थंडी वाजून आला का न वाजता? रगत घेतलं का कुनी? न्हाय. डाक्टर येतो, नाडी धरतो आन म्हनतो, मनाला जपा." नायक नोकरीवर कधी जातो, त्याची रजा किती शिल्लक आहे, हे तर तुम्ही दर पुस्तकाला विचारायचात. एकाच कादंबरीचं कौतुक तुमच्या तोंडून ऐकलं. तिच्यात विहीर खणायची दहा-बारा पानं होती. "येवढं खरं हाय. या मानसानं विहीर खनलीय. बाकीचं रडनं कुनाकडनं तरी आयकून लिवलंय."

एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "भाऊ, तुमची पुस्तकं गावात घरं किती ते सांगतात. कादंबरी घराच्या आत नेते." तुम्ही म्हणालात, "मी रोज आत जातो, दामू. चुलीपाशी, माळ्यावर, बाळंतिनीच्या खोलीत. आन काही घरांत मला वटीवरच थांबवतात. म्हनतात पंप दुसऱ्याच्या हाती दे. तुझ्या या लेखकांचं बी तसंच दिसतंय. आमच्या घरापुढं येतात, वटीवर उभं ऱ्हातात, दया करतात आन जातात. आत आला का कुनी?" मी म्हणालो, शोधून देतो. खरंच शोधलं. दोन-तीन पुस्तकं काढून ठेवली. तुम्ही त्यांचे शेवट पाहिलेत आणि परत ठेवलीत. मी हरलो असं मी तेव्हा कबूल केलं नाही. आजही पुरतं करत नाही. पण तुम्ही समोर असायला हवे होतात.

आणि मग हिरा. तुमची एकुलती एक. शाळेत असताना तुमच्याबरोबर यायची. तुम्ही सापांचं पुस्तक घेऊन बाकावर, ती कादंबरी घेऊन पायरीवर. मी तिला निवडून निवडून कादंबऱ्या द्यायचो. मॅट्रिकला दीड महिना राहिला असताना ती शेजारच्या कारखान्यातल्या एका लूमवाल्याबरोबर लग्न करून मोकळी झाली. पोरगा उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, निर्व्यसनी. तो कुठला, कोण, यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तुमचं दुःख एकच होतं. "परीक्षा तरी देऊन जायचं व्हतं," म्हणालात. रात्रशाळेत कंदिलाखाली बसलेल्या माणसाला ती परीक्षा काय होती ते मला कळत होतं. आणि निघताना माझ्याकडे न बघता एक वाक्य बोललात, "तुझ्या कपाटातनंच शिकली ती." पुन्हा कधी तो विषय नाही. पण चार वर्षं ते वाक्य माझ्या बरगडीत रुतून बसलं होतं.

चार वर्षं ती याच भिवंडीत राहिली, तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तुम्ही लांबच्या रस्त्यानं जायचात. हिवताप पुन्हा वाढला आणि शहरातही फवारणी निघाली, तेव्हा तिची गल्ली तुमच्या यादीत आली होती. तुम्ही फवारणीतल्या जोडीदाराशी अदलाबदल केलीत. त्यानंच मला सांगितलं. गावोगावच्या चुलीपर्यंत जाणारा माणूस पोरीच्या दारापर्यंत गेला नाही. मी तुम्हाला यावर एकदाही बोललो नाही. मला वाटायचं, बोललो तर पुन्हा ते कपाट निघेल.

यंदा तुम्हाला कावीळ झाली. डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून सांगितलं. 'इतर विषय' तुमचे केव्हाच वाचून झालेले. मी भेटायला आलो तर डोळे पिवळेधमक, हातात गेल्या वर्षीचं पंचांग. "काय बी आन रं, पडून पडून कटाळा आला." मी मनात म्हटलं, आता सापडलात.

ती कादंबरी मी अगदी ठरवून निवडली. नदीवर होडी चालवून लोकांना पलीकडे सोडणारी एक बाई. तिची मुलगी भांडून निघून गेलेली. बाई रोज होडी वल्हवते आणि पलीकडच्या काठाकडे बघते, एवढीच गोष्ट. त्यात पाणी आहे, भरती आहे, वल्ह्याला तेल कसं द्यायचं ते आहे, म्हणजे तुम्हाला धरायला जागा होती. आणि जे मला तोंडानं बोलायची छाती झाली नाही ते ती बाई तुम्हाला सांगेल, अशी माझी अक्कल. माझं कपाट काय शिकवतं ते तुम्हाला एकदा दाखवायचंच होतं मला. तुमच्या भल्याचा विचार त्यात होता, पण माझा कंडही होता. ते आज कबूल करतो.

अडचण एकच होती, तुम्ही शेवट आधी बघणार. पुस्तकाची शिवण उसवलेली, बांधणीला काढलेलंच होतं. वाचनालयातली पुस्तकं मीच शिवतो हे तुम्हाला माहीत आहे. सोळा सोळा पानांचे वीस फर्मे होते. मी एकोणीसच शिवले. विसावा खणात ठेवला. तीनशे चारावं पान पूर्णविरामाला संपत होतं: संध्याकाळ, पलीकडचा काठ रिकामा, बाई होडी बांधते. पुठ्ठा चढवला, लूमवरचं कोरं, न धुतलेलं ग्रे कापड लावलं, खळ वाळू दिली. बेत असा होता की तुम्ही पुस्तक संपवलंत की मी खिशातून तो शेवटचा फर्मा काढायचा आणि तुमचं तोंड बघायचं. असला पोरकटपणा दुसऱ्या कुणाशी केला नसता. तुमच्याशी वीस वर्षं वाद घालून मला ती सवलत आहे असं वाटत होतं.

तुम्ही अपेक्षेप्रमाणे आधी शेवट उघडलात. बघितलात. पुन्हा बघितलात. दोन दिवसांनी मी आलो तेव्हा निम्मं पुस्तक झालेलं होतं आणि तुम्ही अस्वस्थ होतात. "शेवट असा कसा रे? समाप्तसुद्धा लिवलं न्हाय."

मी म्हणालो, "हल्लीच्या कादंबऱ्या अशाच संपतात."

"म्हंजे येत न्हाय ती पोरगी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय व्हतंय? लिवलंय काय ते सांग. येते का रे ती शेवटी?"

मी हसलो, गंगारामभाऊ. मला आनंद झाला होता. ज्या माणसानं वीस वर्षं मला डास विचारले तो एका होडीवालीच्या पोरीसाठी उशीवरून मान उचलून विचारत होता. मला वाटलं, जिंकलो. म्हणालो, "आधी पूर्ण वाचा. मग बोलू." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा लावलात. तुमच्या डोळ्यांत त्या वेळी काय होतं ते मी पाहायला हवं होतं. मी पंचांग आवरून टेबलावर ठेवत होतो.

मी रविवारी येणार होतो, तो फर्मा घेऊन. बुधवारी तुमचं बिघडलं. शुद्ध जात-येत होती, टॅक्सी करून ठाण्याला नेलं. गुरुवारी दुपारी तुमचा जोडीदार वाचनालयात आला, पायरीवरच बसला आणि टोपी काढली.

जलदानविधीनंतर मी तुमच्या घरी थांबलो. माणसं पांगली होती. हिरा होती, मांडीवर दोन वर्षांची पोर. तुमची नात. डिट्टो तुमची हनुवटी. वहिनींनी कादंबरी आणून माझ्या हातात दिली. "तुमचं पुस्तक, दामूभाऊ. मंगळवारी पुरं केलं त्यांनी. तारीख टाकली, मी बघितलं." मग त्या बोलायला लागल्या. टॅक्सी कशेळीच्या खाडीवर गाड्यांच्या गर्दीत अडकली होती. तुम्ही डोळे उघडलेत, पाण्याकडं बघत राहिलात. वहिनींनी विचारलं, हिराला निरोप धाडू का?

"म्हनले, नको. ती यायची न्हाय. पुस्तकात बी न्हाय आली."

माझ्या हातात ते पुस्तक होतं.

"खरंच न्हाय येत का वो ती?" वहिनी विचारत होत्या. "त्यांचा छापल्याल्या अक्षरावर भारी इस्वास. म्हनून मी बी निरोप धाडला न्हाय."

मी काय सांगणार होतो? येते म्हटलं असतं तर त्या बाईनं जन्मभर विचार केला असता की का नाही धाडला निरोप. मी म्हणालो, "नाही, वहिनी. नाही येत." त्यांनी मान हलवली. जरा हलकं वाटलं असावं त्यांना. चहा टाकायला आत गेल्या.

हिरा इतका वेळ पोरीच्या केसांतून हात फिरवत होती. हळू आवाजात म्हणाली, "काका, मी वाचलंय ते पुस्तक. नववीत असताना. तुम्हीच दिलं होतं."

मला आठवलं नव्हतं. तुमची शपथ, आठवलं नव्हतं.

"ती येते," हिरा म्हणाली. "आईसाठी खोटं बोललात, कळलं मला. पण आबांनी पुरं वाचलं होतं ना? तारीख टाकली म्हणजे पुरं वाचलं. म्हणजे ती येते हे वाचूनसुद्धा त्यांनी आईला नाही म्हणून सांगितलं." तिनं पोरीला जवळ ओढलं. "मी येऊच नये, असं होतं त्यांना. असू दे. आता काय."

मी उठलो. चहासुद्धा घेतला नाही. पुस्तक काखेत मारून चोरासारखा बाहेर पडलो. घरी येऊन तीनशे चारावं पान काढलं. तारीख, 'गं. जा.', अक्षर जरा थरथरलेलं. तुमच्या हिशेबी ते घर फवारून झालं होतं. हीच एक तारीख मी खोडलेली नाही.

ती येते, गंगारामभाऊ. तीनशे नवव्या पानावर पलीकडून हाक येते. बाईला वाटतं कुणी उतारू आहे. होडी सोडते, वल्हवत जाते आणि अगदी जवळ गेल्यावर तिला कळतं. मुलगी होडीत बसते. निम्म्या नदीपर्यंत कुणी बोलत नाही. मग मुलगी विचारते, पाणी वाढलंय का गं, आणि आई म्हणते, वाढलंय. बस, एवढंच. कुणी रडत नाही, तुम्हाला चाललं असतं. आणि तीनशे बाराव्या पानावर संध्याकाळी आई पदरानं डास हाकलते. मी तुम्हाला ते बोट ठेवून दाखवणार होतो.

तुम्हाला हे आधी कळलं असतं तर टॅक्सीत तुम्ही काय म्हणाला असतात, मला माहीत नाही. कदाचित तरीही नकोच म्हणाला असतात. चार वर्षं तुम्ही लांबच्या रस्त्यानं गेलात, ते काही मी शिवलेलं नव्हतं. पण कदाचित म्हणाला असतात, धाड. दहा मिनिटांचं तर अंतर होतं. ती पोर चालत आली असती.

उद्या शुक्रवार, लूम बंद. हिरा आणि तिचा नवरा दोघंही घरी असतील. मी पुस्तक आणि सुटा फर्मा दोन्ही घेऊन जाणार आहे, आणि हा कागदही, कारण तोंडानं मला ते धड सांगता येणार नाही. वहिनींना सांगायचं की नाही ते हिरा ठरवील. ती मला दारातून हाकलून देईल, दिलं तर ते बरोबरच आहे. पण तिला एवढं कळायला हवं की तुम्ही शेवट वाचूनही तिला नाकारलं नव्हतं. तुम्हाला तो शेवट कुणी दिलाच नव्हता. कशेळीच्या खाडीवर तुम्ही म्हणालात ते 'नको' तुमचं नव्हतं, गंगारामभाऊ. ते माझं होतं.

तुमचा,
दामू